शहर नंतर ठरव, आधी चिनी बोलायचं कुणाशी ते ठरव

हे पत्र रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून आलं आहे. लिहिणारी २४ वर्षांची, बी.कॉम. झालेली. मासळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत ती कागदपत्रांचं काम करते. कंपनीची म्हाकूल, वाकटी, कोळंबी चीनला जाते आणि तिकडच्या खरेदीदारांशी प्रत्येक बोलणं मधल्या दलालाच्या तोंडून होतं. ते पाहून तिनं ऑनलाइन चिनी शिकायला घेतली आणि एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची दुसरी पातळी पारही केली. आता नोकरी सोडून वर्षभर बाहेर जाऊन भाषा शिकायचं तिच्या मनात आहे. गाठीशी साडेचार लाख रुपये आहेत. घोडं अडलंय ते शहरावर. डोंबिवलीचे मामा म्हणतात, बीजिंगच, कारण राजधानीची भाषा ती खरी भाषा. चुलतभावाला शांघाय बरं वाटतं, नाव मोठं म्हणून. ऑनलाइन वर्गातल्या मैत्रिणी तैवानच्या तैपेईचं गुणगान करतात. एका व्हिडिओत तिनं ऐकलं की ईशान्य चीनमधल्या हार्बिनला सगळ्यात शुद्ध चिनी बोलतात आणि इंग्रजी कुणाला येत नाही, त्यामुळे भाषा लवकर येते. आईचा प्रश्न निराळाच : ‘तिथून आपला फोन तरी लागतो का?’ आणि शेठ म्हणतात, मोबाईल सगळं भाषांतर करून देतो, तू कशाला शिकतेस? पत्राच्या शेवटी तिनं लिहिलंय, ‘मला एकच शहर सांगा, मी डोळे मिटून जाते.’

प्रिय मैत्रिणी,

साडेचार लाख डोळे मिटून साठवलेले नाहीत, तेव्हा खर्चही तसे करू नकोस. एक शहर मी सांगणार आहे आणि ते तुझ्या यादीत नाही. पण ते का, हे नीट कळलं नाही तर मीही तुझ्या मामांसारखी आणखी एक सल्ला देणारी होईन.

आधी त्या ‘शुद्ध’ चिनीचं बघू, कारण तुझी अर्धी यादी त्यावर उभी आहे. प्रमाण चिनीचे उच्चार बीजिंगच्या बोलीवर बेतलेले आहेत, हे खरं. १९५६ मध्ये चीन सरकारनं ते अधिकृत केलं. पण बीजिंगच्या गल्लीतला रिक्षावाला किंवा भाजीवाली प्रमाण भाषा बोलत नाही. शब्दांच्या शेवटी ‘र’ लावायची त्यांची अशी खोड आहे की नवख्याला अर्धे शब्द ओळखू येत नाहीत. हार्बिनचे उच्चार प्रमाण भाषेच्या बरेच जवळ आहेत, तिथेही स्थानिक लकबी आहेतच. उलट चीनमध्ये कुठेही शिक्षक व्हायचं तर प्रमाण भाषेची सरकारी परीक्षा द्यावी लागते. म्हणजे वर्गात कानावर पडणारी चिनी बीजिंगला आणि दूर दक्षिणेतल्या कुनमिंगला फारशी वेगळी नसते. फरक पडतो तो वर्गाबाहेर. आपल्याकडे नाही का, शाळेत बाई पुस्तकातलं मराठी बोलतात आणि मासळीबाजारात त्याच बाई घासाघीस करतात ती गावच्या बोलीत. पोरांना दोन्ही येतं, कुणाचं काही बिघडत नाही.

तरी बोलीकडे अगदी काणाडोळाही करू नकोस. चिनीत जीभ मागे वळवून काढायचे काही उच्चार आहेत आणि जीभ दातांशी ठेवून काढायचेही आहेत. आपल्या ‘चोर’ आणि ‘चमचा’मधला च या दुसऱ्या जातीच्या अगदी जवळ जातो, त्यामुळे मराठी माणसाला तो फुकटात मिळतो. नैऋत्येतल्या छंगडूला, दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी आणि तैवानमध्येही रोजच्या बोलण्यात वळवलेले उच्चार सपाट होऊन या दुसऱ्यांत मिसळतात. छंगडूला तर ‘न’ आणि ‘ल’चीही गल्लत ऐकू येते. दुसऱ्या पातळीवरच्या मुलीचा कान अजून कच्चा असतो. पहिलं सत्र तरी उत्तरेकडे काढलेलं बरं, असं मला वाटतं ते याच कारणानं. ग्वांगझोऊ आणि शियामेनला घराघरांत वेगळीच भाषा आहे, पहिल्या शहरात कँटोनीज आणि दुसऱ्यात मिन्नान. शांघायमध्येही वडीलधारे आपसांत शांघायनीज बोलतात. त्यांच्यात बसलीस तर तुला काही म्हणजे काही कळणार नाही.

आता हार्बिन. जिथे इंग्रजी कुणाला येत नाही तिथे भाषा आपोआप येते, हा समज मला फारच ऐकू येतो. इंग्रजी न येणाऱ्या गावात माणूस दोन गोष्टी करू शकतो. एक, धडपडत बोलणं. दुसरी, खोलीत बसून राहणं. बाहेर उणे वीसच्या खाली पारा असेल, चार वाजता अंधार पडत असेल आणि तू जन्मात स्वेटर घातलेला नसेल तर यातली कुठली गोष्ट होईल, हे तुझं तूच ठरव. घरं आणि वर्ग आतून उबदार असतात, बर्फाचा मोठा उत्सव असतो, तिथले लोकही मनमोकळे म्हणून ओळखले जातात. हे सगळं खरंच. पण किनाऱ्यावरच्या मुलीनं पहिल्याच फटक्यात हिवाळ्याशी आणि भाषेशी एकदम दोन हात का करायचे?

शहरात इंग्रजी किती, यापेक्षा वसतिगृहात कोण राहतं हे महत्त्वाचं. परदेशी विद्यार्थ्यांची वसतिगृहं चीनमध्ये बहुतेक ठिकाणी वेगळी असतात. विद्यापीठात इंग्रजी माध्यमाचं एमबीबीएस असेल तर तिथे भारतीय मुलं भरपूर सापडतात. मग संध्याकाळी हिंदीत गप्पा, रात्री डाळभात, आणि वर्षाच्या शेवटी चिनीपेक्षा हिंदीच सुधारलेली! वर्गात कोरियन, रशियन, मध्य आशियातली मुलं असतील, त्यांच्याशीही मोडकंतोडकं इंग्रजीच बोलणं होतं. म्हणून शहर कुठलंही निवड, विद्यापीठाला तीन गोष्टी विचार : माझ्या पातळीच्या वर्गात किती जण असतात, पोहोचल्यावर चाचणी घेऊन वर्ग ठरवता का, आणि चिनी विद्यार्थ्याशी भाषेची जोडी लावून देता का. उत्तर किती दिवसांत आणि किती नीट येतं, त्यावरूनच बरंच काही कळतं.

तैपेईबद्दल तुझ्या मैत्रिणी खोटं सांगत नाहीत. तैवान नॉर्मल विद्यापीठाचं मँडरिन केंद्र १९५६ पासून परदेशी लोकांना शिकवतंय. वर्ग लहान, शिक्षक उत्तम, माणसं मदतीला तत्पर, आणि व्हॉट्सॲप-गुगल सगळं सुरळीत चालतं. तैवान सरकारची ह्वायू शिष्यवृत्ती खास भाषेसाठीच आहे, आणि तैवानचं प्रतिनिधी कार्यालय २०२४ पासून मुंबईतही आहे. तैपेई महाग वाटलं तर दक्षिणेला ताइनान आहे. जुनं शहर, खर्च कमी, हवा आपल्या मे महिन्यासारखी चिकट. तिथल्या छंग कुंग विद्यापीठातही भाषा केंद्र आहे. साहित्य, भाषांतर, संशोधन असं काही तुझ्या डोक्यात असतं तर मी ताइनानच सांगितलं असतं. हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या मनात तसं असेल तर त्यांनी हा परिच्छेद आपल्यासाठीच समजावा.

पण तुझं काम काय आहे? तुझे खरेदीदार मुख्य भूमीवरचे. ते तुला संदेश पाठवणार सोप्या केलेल्या अक्षरांत. तैवानमध्ये जुनी, भरगच्च अक्षरं शिकवतात आणि उच्चार लिहायला रोमन अक्षरांतल्या पिनयिनऐवजी त्यांची ३७ चिन्हांची वेगळी पद्धत आहे. तू दोन पातळ्या पिनयिन आणि सोप्या अक्षरांवर केल्या आहेस. एका अक्षरपद्धतीतून दुसरीत जाता येतं, लोक जातात, पण पैसे मोजून घेतलेल्या सत्रातले पहिले काही आठवडे तू त्यातच घालवशील.

म्हणून माझं शहर चिंगदाओ. उत्तरेकडच्या शांडोंग प्रांतातलं बंदर, जगातल्या मोठ्या बंदरांत गणलं जाणारं. जगभरातून गोठवलेली मासळी तिथे येते, साफ होते, कापली जाते आणि पुन्हा परदेशी जाते. तू ज्या धंद्यात आहेस त्याचं दुसरं टोक पाहायचं तर ते तिथे दिसेल. चीनचं सागरी विद्यापीठही याच शहरात आहे आणि तिथे परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवतात. जानेवारीत पारा शून्याच्या आसपास उतरतो, म्हणजे कुडकुडशील, पण हार्बिनसारखी गोठणार नाहीस. जुन्या भागात लाल कौलांची घरं आहेत, तिथे जर्मनांची सत्ता होती तेव्हाची. (आपली मंगळुरी कौलंही बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या जर्मन लोकांनीच १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढून आणली, तेव्हा पाहुणे एकाच बाजूचे म्हणायचे.) उन्हाळ्यात लोक तिथे ताजी बिअर प्लास्टिकच्या पिशवीत भरून वजनावर घरी नेतात. हे आईला सांगू नकोस.

आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या! चिंगदाओचं खाणं म्हणजे तिसऱ्या, सुक्या मिरच्या घालून मोठ्या आचेवर परतलेल्या. बाजारात टोपल्यांत, टबांत पाण्यात ठेवलेल्या असतात, तोंड उघडून पाणी उडवणाऱ्या. भाव किलोवर नसतो, जिनवर असतो, आणि एक जिन म्हणजे अर्धा किलो. नवखा माणूस इथे हमखास फसतो, भाव स्वस्त समजून दुप्पट पैसे देतो. तिसऱ्यांना पुस्तकात एक शब्द आहे आणि विकणारी बाई म्हणते ‘गाला’. तू टबापाशी बसून, आजच्या का कालच्या, वाळू काढलीय का, दोन जिन घेतल्या तर किती, एवढं विचारून बघ. परदेशी पाहुण्यानं विचारलं तर ती बाई हसून सोडून देईल. पण तिसरी मेलेली आहे हे तू उचलल्याबरोबर ओळखलंस की ती तुझ्याशी बोलायला लागेल. बीजिंगच्या वूताओखौ भागात, जिथे भाषा विद्यापीठ आणि परदेशी विद्यार्थ्यांची गर्दी आहे, तिथे तुझ्यापाशी ही पुंजी नाही. तिथे तू हजारो विद्यार्थ्यांतली एक. चिंगदाओला बोलायला विषय तू घरून घेऊन जाणार आहेस. शहर निवडताना सगळ्यांनीच हे पाहावं : ज्याला स्वयंपाकाची आवड त्यानं छंगडूचा विचार करावा, खेळणी-कटलरीचा व्यापार करणाऱ्यानं ईवूचा घाऊक बाजार पाहावा, रोपवाटिका आणि फुलांच्या नादी लागलेल्यानं कुनमिंगचा. मग बोलीचा थोडा त्रास सोसावा लागला तरी परवडतो.

बीजिंगच्या भाषा विद्यापीठाची ख्याती खरी आहे आणि चिनीची शिक्षिकाच व्हायचं असेल तर मामांचं ऐक. शांघायबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की तुझ्या पैशांत ते शहर बाहेरूनच बघावं लागेल.

आता पैसे. इथे मी तुला जरा टोचणार आहे. अनेक चिनी विद्यापीठांत भाषेच्या एका सत्राची फी साधारण आठ ते दहा हजार युआन असते, नामांकित ठिकाणी जास्त. दोघींच्या खोलीत राहून, विद्यापीठाच्या खानावळीत जेवून महिन्याला अडीच-तीन हजार युआन लागतील असं धर. युआन साधारण बारा-तेरा रुपयांच्या घरात. दहा महिन्यांचा हिशोब मांडलास तर विमान, व्हिसा, विमा सोडूनच तुझे साडेचार लाख संपून वर लाखभर कमी पडतात. ‘वर्षभर जायचं’ हे तू आधीच ठरवून टाकलंस, आणि मला वाटतं पत्रातली खरी अडचण शहराची नाही, ही आहे. तिकडे काम करून भागवू, हे डोक्यातून काढ. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय काम करता येत नाही आणि पकडलं गेलं तर परतीचं तिकीट.

मार्ग दोन. एक, स्वतःच्या पैशानं एकच सत्र, पाच महिने. त्यात तुझे पैसे पुरतात आणि परत आल्यावर हातात काही उरतंही. दुसरा, थांबून शिष्यवृत्तीसह वर्ष. चीनची आंतरराष्ट्रीय चिनी भाषा शिक्षक शिष्यवृत्ती, नाव शिक्षकांचं असलं तरी, एका वर्षाच्या भाषेच्या अभ्यासालाही मिळते. फी माफ, वसतिगृह आणि महिन्याला २,५०० युआन. पण त्यासाठी एचएसकेची किमान तिसरी पातळी चांगल्या गुणांनी लागते. मला दुसरा मार्ग जास्त पटतो आणि तो केवळ पैशासाठी नाही. दुसऱ्या पातळीला जेमतेम ३०० शब्द येतात, तिसरीला ६००. ३०० शब्दांवर तिकडे गेलीस तर पहिले दोन महिने रत्नागिरीत बसून झालं असतं तेच तू चिंगदाओच्या भाड्यात शिकशील. नोकरी चालू ठेव, सकाळी तासभर शीक. महाप्राण-अल्पप्राण तुझ्या जिभेवर आहेतच. पिनयिनमधला ‘बी’ आपल्या प जवळचा आणि ‘पी’ म्हणजे ओठ मिटून काढलेला फ, हे एकदा कळलं की इंग्रजी स्पेलिंग पाहून अडखळणं थांबतं. शब्दाचा अर्थ बदलणारे चार सूर मात्र देवनागरीत लिहून येत नाहीत, त्यासाठी रोज मोठ्यांदा बोलावं लागतं. घरचे वैतागतील, वैतागू देत.

आईचा प्रश्न तुझ्या पत्रातला सगळ्यात व्यवहारी प्रश्न आहे. चीनमध्ये व्हॉट्सॲप, गुगल, यूट्यूब बंद. चीनमध्ये सगळे वापरतात ते वीचॅट आपल्या सरकारनं जून २०२० मध्ये बंद केलं. म्हणजे दोन्हीकडून कडी लागलेली. साधा परदेशी फोन लागतो, महाग पडतो. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर त्या डेटावर व्हॉट्सॲप सहसा चालतं, निदान पहिल्या महिन्यासाठी ते घेऊन जा. विद्यापीठाच्या अर्जात जीमेल देऊ नकोस, तिथे ते उघडत नाही. जाण्याआधी बँकेत कार्डाचा परदेशातला वापर चालू करून घे, कारण तिथे नोटा काढणारा माणूस आता विरळा. आणि आईशी बोलायचा एक वार आणि वेळ ठरव. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यांचे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्या घरी दिवेलागणीपाठोपाठचे साडेसहा.

सीमेवरचे ताणतणाव घरी नक्की निघतील. २०२० पासून बंद असलेली थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, पहिलं कोलकात्याहून ग्वांगझोऊला. वातावरण निवळलंय, पण ते बदलूही शकतं. तेव्हा रद्द करता येणारं तिकीट काढ आणि पोहोचल्यावर भारतीय दूतावासात नाव नोंदव. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर एक्स-वन, त्याहून कमी असेल तर एक्स-टू. एक्स-वनवर गेलीस तर ३० दिवसांत निवास परवाना काढावा लागतो. वसतिगृहाबाहेर राहायला गेलीस तर २४ तासांत पोलिसांत नोंद करायची, यात चालढकल नको.

उरले शेठ. मोबाईल भाषांतर करतो, हे त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इन्व्हॉइस तो वाचून देईल. पण माल बंदरात अडकलाय, चिनी कस्टमकडच्या नोंदणीतला कारखान्याचा क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक जुळत नाही, आणि समोरचा माणूस फोनवर भराभर बोलतोय, तेव्हा मोबाईल कोणाच्या कानाला लावणार? २०२२ मध्ये तिकडचे नोंदणीचे नियम कडक झाल्यापासून असे फोन तुमच्या कचेरीत येत असणारच. असा एखादा प्रसंग, त्यात दलालानं किती दिवस आणि किती पैसे खाल्ले, हे कागदावर मांडून शेठकडे जा. एका वर्षात तू दुभाषी होणार नाहीस, हेही त्यांना सांग. चौथ्या पातळीच्या आसपास पोहोचशील, ज्यावर संदेश लिहिता येतात आणि फोनवरचं काम निभावतं. बदल्यात बिनपगारी रजा माग, जमलं तर एका सत्राची फीसुद्धा, परत येऊन दोन वर्षं राहण्याच्या बोलीवर. चीनमधली सत्रं सप्टेंबर आणि फेब्रुवारी-मार्चला सुरू होतात, शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच्या बरेच महिने आधी, तेव्हा हे बोलणं आंब्याचा हंगाम सरेपर्यंत लांबवू नकोस. आणि ते ‘हो’ म्हणाले तर त्याच दिवशी रजेचं सगळं ई-मेलवर लिहून त्यांचं उत्तर मागून घे. तोंडी शब्दावर खुर्ची रिकामी करू नकोस.